फ्लॅट दोघांच्या नावावर, मुलं दोन, वेगळं व्हायचं ठरलंय. वाटणी कशी करतात?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. नवीन आयडी काढून लिहितोय कारण जुन्या आयडीवर अर्धे नातेवाईक आहेत. लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

मी ३९, बायको ३७, दोघंही नोकरी करतो. लग्नाला १३ वर्षं झाली. मुलगी ११ ची, सहावीत. मुलगा ४ चा. मारहाण, दारू, तिसरं माणूस असलं काही नाहीये, हे आधीच सांगतो म्हणजे त्यावर चर्चा नको. नाही पटलं. आठ महिने झाले ती मुलांना घेऊन माहेरी आहे, कोथरूडला. मी आणि आई इथे फ्लॅटमध्ये. म्युच्युअल (दोघांच्या संमतीने घटस्फोट) करायचं यावर दोघांचं एकमत आहे, गंमत म्हणजे गेल्या चार वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीवर झालंय.

आता अडलंय कुठे ते सांगतो. फ्लॅट २०१६ ला घेतला ६२ लाखाला, दोघांच्या नावावर, लोन पण जॉइंट. १४ लाख आपले घातले, त्यातले ६ तिच्या बाबांनी दिलेले. ४१ हजारचा ईएमआय पहिल्यापासून माझ्या खात्यातून जातो. अजून ३३ लाख लोन बाकी आहे. माझं म्हणणं, हप्ते मी भरलेत तर तिचे ६ लाख व्याजासकट देतो आणि फ्लॅट माझ्या नावावर करू. तिचं म्हणणं, निम्मा. तिचा भाऊ म्हणतो निम्मा तर आहेच, शिवाय गावच्या शेतीत पण वाटा. (कराडजवळ सव्वादोन एकर आहे, आजोबा २०११ ला गेले, सातबाऱ्यावर बाबांचं, काकांचं आणि आत्याचं नाव. बाबा आता नाहीत.)

मग एका मित्राने तोडगा काढला की फ्लॅट सरळ मुलांच्या नावावर करून टाका, कुणालाच नको. ऐकायला बरं वाटतंय.

दुसरं म्हणजे दागिने. तिचे साधारण २२ तोळे आईच्या लॉकरमध्ये आहेत. आई म्हणते त्यातले निम्मे आपण घातलेले, ते घरातच राहिले पाहिजेत.

आणि मुलं. माझा विचार असा की मुलगी माझ्याकडे आणि मुलगा तिच्याकडे. मुलगी तशी माझ्याच जास्त जवळ आहे, तिची शाळा पण इथून जवळ, आणि मुलगा लहान आहे म्हणून त्याला आई लागेल. दोघांनाही एकेक. यात काही चूक वाटत नाही मला पण तिला सांगितल्यावर तिने फोनच ठेवला.

अनुभव असलेल्यांनी सांगा. कोर्टात किती वर्षं जातात वगैरे भीती घालू नका, ती आधीच आहे.

पेठेतला_पक्या:

बाकीचं जाणकार सांगतील. दागिने आजच्या आज देऊन टाका राव. आणि "एकेक" हा शब्द मुलांसाठी वापरला म्हणून तिने फोन ठेवला असेल, माझ्या बायकोने फोन फेकून मारला असता.

वकीलताई:

मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. इथे लिहिते तो सल्ला नाही, माहिती समजा, कागद बघितल्याशिवाय कुणीही सल्ला देऊ नये.

आधी वेळेचं. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब खाली म्युच्युअल पिटिशन टाकायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, तुमचे आठ महिनेच झालेत. म्हणजे चार महिने तसेही हातात आहेत, ते भांडण्यात घालवू नका, ठरवण्यात घालवा. पिटिशन टाकल्यावर आणखी सहा महिने थांबायचं असतं, पण सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय की दीड वर्षाच्या वर वेगळे असाल, समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी-मुलं-मालमत्ता सगळं मिटलेलं असेल तर ते सहा महिने माफ होऊ शकतात. सगळं मिटलेलं असेल तर. हे परत वाचा.

फ्लॅट. आपल्याकडे (गोवा सोडून) घटस्फोट झाला की निम्मं-निम्मं असा कायदाच नाहीये. लोक परदेशी सिरियल बघून येतात आणि विचारतात. २०१३ ला राज्यसभेत बिल पास झालं होतं ज्यात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा होता, ते लोकसभेत पास झालंच नाही आणि २०१४ ला बुडालं. त्यामुळे नाव कुणाचं आणि पैसे कुणाचे हेच बघितलं जातं. विवाह कायद्याचं कलम २७ फक्त लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं आहे, तुमचा २०१६ चा फ्लॅट त्यात बसत नाही.

तर मग तुमचंच बरोबर असं वाटलं ना? थांबा. तुमच्या खात्यातून ईएमआय जात होता तेव्हा किराणा, शाळेची फी, बाईंचा पगार, लाइटबिल, मेडिक्लेम कुणाच्या खात्यातून जात होतं? तुम्ही ते लिहिलेलं नाहीये. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जोडप्यांत हेच असतं, एकाचा पगार भिंतीत जातो आणि दुसऱ्याचा पोटात, आणि मग भिंतीवाला म्हणतो घर माझं. तिचा वकील तिचं दहा वर्षांचं बँक स्टेटमेंट घेऊन उभा राहिला की तुमच्या गणिताला फार अर्थ उरत नाही. त्यातून २०२० पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळ्याचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, लपवून काही राहत नाही.

लोन. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही घेणंदेणं नसतं. तुम्ही आपसात काहीही लिहा, बँक तिचं नाव सोडत नाही तोवर ३३ लाखाला ती पण बांधील. आणि तिला दुसरीकडे घर घ्यायचं असेल तर हे लोन तिच्या सिबिलवर बसलेलं असणार. म्हणून आधी बँकेत जाऊन विचारा की एकट्या तुमच्या पगारावर लोन चालू ठेवतील का.

एक कामाची गोष्ट. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक कर वगैरे लागतात ते निबंधक कार्यालयात विचारून घ्या. पण हे *नवरा-बायको* असेपर्यंत. डिक्री (घटस्फोटाचा शेवटचा हुकूम) झाली की तुम्ही एकमेकांचे कुणी नाही, मग नेहमीचं शुल्क. लोक डिक्रीचे पेढे वाटून झाल्यावर (हो, वाटतात) ह्या कामाला येतात आणि मग डोक्याला हात लावतात. अर्थात बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की परत फिरवता येत नाही, त्यामुळे बदल्यात काय ते आधी कागदावर.

शेती. घटस्फोट घेताना बायकोला नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळत नाही, मेहुण्यांना सांगा. पण मुलांचं वेगळं आहे. जमीन खरोखर वडिलोपार्जित आणि न वाटलेली असेल तर तुमच्या मुलाचा *आणि मुलीचाही* जन्मापासून हक्क असतो, २००५ च्या दुरुस्तीने देशभर, महाराष्ट्रात त्याआधी १९९४ लाच आणला होता. तुमचं लग्न मोडल्याने तो जात नाही. आता ती आजोबांची स्वतःची कमाई होती, कुळकायद्यात मिळाली होती, का पणजोबांपासून आली, त्यावर उत्तर बदलतं. जुने फेरफार काढा तलाठ्याकडून.

मुलांचं उद्या लिहिते, उद्या सकाळी मॅटर आहे.

मुलुंडची_आई:

फ्लॅट मुलांच्या नावावर हा जो मित्राचा सल्ला आहे ना, तो मी ऐकला होता. २०१२ मध्ये. तेव्हा खूप उदात्त वाटलं होतं, दोघंही रडलो होतो, कोर्टातल्या मॅरेज कौन्सेलर बाई पण खूश.

मग तीन वर्षांनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. बिल्डरचा वकील म्हणे मालक अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) आहे, आई म्हणून तुमची सही चालणार नाही, कोर्टाची परवानगी आणा. कायदा तसाच आहे, १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ८, अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, अदलाबदल करायची तर आईबापालाही कोर्टाची आधी परवानगी लागते. मुलांच्या भल्यासाठीच आहे, मान्य. पण सोसायटीत बाकी ३१ जणांच्या सह्या झालेल्या आणि एकटी मी अडलेली, लिफ्टमध्ये लोक बघायचे कसे ते काय सांगू. परवानगीला वर्ष लागलं आणि त्यात आमच्या पूर्वाश्रमीच्या नवऱ्याने येऊन हरकत घेतली. म्हणजे ज्या घरावरून भांडण नको म्हणून त्याच्या नावावर केलं, त्याच घरावरून परत कोर्टात उभे.

तुमचं तर लोन पण आहे, बँक चार वर्षांच्या मुलाच्या नावावर लोन ठेवेल होय. तो पर्याय सोडून द्या.

दागिन्यांबद्दल पेठेतला_पक्या बरोबर बोलतोय. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर तिला घातलं ते तिचं, मग सासरच्यांनी घातलेलं का असेना. स्त्रीधन दोघांच्या मालकीचं होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये परत एकदा स्पष्ट सांगितलंय. सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे सासूबाईंनी सांभाळलं, बस एवढंच. माझ्या पाटल्या मिळाल्याच नाहीत, सोडल्या मी त्या, पण बारा वर्षं झाली तरी त्या माणसाचं नाव निघालं की मला आधी पाटल्याच आठवतात. मुलाशी तो बरा वागतो तरीही.

शनिवार_रविवार_बाबा:

भाऊ, माझं ऐक, मी सगळ्या चुका करून बसलोय.

ऑर्डर मिळाली होती, दर शनिवारी सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, मे महिन्याची अर्धी सुट्टी, दिवाळीची अर्धी. कागद बघून वाटलं झालं. मग सुरू झालं, आज ताप आहे, आज क्लासची टेस्ट आहे, आज मावशीकडे बारसं आहे. सलग पाच शनिवार. मी भडकलो आणि पोटगी बंद केली. वाटलं आता येईल वठणीवर. जजसाहेबांनी मलाच झापलं, पोरगं भेटलं नाही म्हणून ते जेवायचं थांबलं का म्हणाले. ते दोन वेगळे विषय आहेत, एक थांबलं म्हणून दुसरं थांबवता येत नाही, हे कळायला मला थकबाकी आणि सात महिने लागले.

त्यातले काही महिने मुलाला कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत भेटलो. खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात, कोपऱ्यात दुसरा एखादा बाप बसलेला असतो त्याच्या मुलीसोबत, आणि आपण दोघं एकमेकांकडे बघत नाही. तिथपर्यंत जाऊ देऊ नकोस.

रोजचा व्हिडिओ कॉल लिहून घे. वेळेसकट. सुप्रीम कोर्टानेच २०२० मध्ये म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला कॉलवर बोलायला मिळालं पाहिजे. माझा आठचा कॉल असतो, तो नुसता "हं" म्हणतो आणि गेम खेळतो, पण त्याला माहितीये आठ वाजता बाबा असतो.

दोनघरंची:

सहसा लिहीत नाही. "मुलगी माझ्याकडे मुलगा तिच्याकडे" वाचलं म्हणून लिहितेय.

आमच्याकडे हेच झालं. मी आईकडे नाशिकला, दादा बाबांकडे सोलापूरला. मी १२ ची होते, दादा १४. कुणाकडे राहायचं हे जजसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं होतं, एकटीला, दोघांनाही बाहेर बसवून. चांगले होते ते, मराठीत बोलले, शाळेत कुठला विषय आवडतो वगैरे. मग विचारलं. मी म्हटलं आजीकडे. कारण आजीचं नाव घेतलं तर बाहेर गेल्यावर कुणी रडणार नाही असं मी सकाळी रिक्षातच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी लिहून घेतलं काहीतरी. त्यामुळे "मुलगी माझ्या जास्त जवळ आहे" हे तुम्ही लिहिलंय ते खरंच असेल, पण ११ वर्षांची मुलगी आईशी बोलताना काय म्हणते ते तुम्ही ऐकलेलं नसतं.

मला त्रास वेगळं राहण्याचा झाला नाही. घरात शांतता आली, खरं सांगते. त्रास दादाचा झाला. सुट्टीत भेटायचो. दुसऱ्या वर्षी दिवाळीला तो जेवताना मला म्हणाला, "तुमच्याकडे पुरणपोळी गुळाची करतात का?" तुमच्याकडे. एकाच आईच्या हातची खाऊन मोठे झालेलो आम्ही. आता तो चाळिशीला आलाय, चांगलं आहे आमचं, राखीला येतो, पण पाहुण्यासारखा येतो, बसू का म्हणून विचारतो.

दोघांना एकत्र ठेवा. कुणाकडे ते तुम्ही ठरवा.

मडगांवकरीण:

वकीलताईंनी गोवा सोडून म्हटलंय म्हणून थोडं अवांतर. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, मूळ १८६७ चा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता एक होते आणि अर्धी-अर्धी धरतात. नवऱ्याला वाडवडिलांची जमीन विकायची झाली तरी बायकोची सही लागते. घटस्फोट झाला की वाटणी. ऐकायला छान वाटतं ना, पण प्रत्यक्षात इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (सगळ्या मालमत्तेची यादी करून वाटणीचं कोर्टातलं काम) लावावं लागतं, त्यात कर्जंही अर्धी होतात, आणि माझ्या मामेबहिणीच्या वाट्याला अर्धं घर म्हणजे जुन्या घराचा स्वयंपाकघर आणि मागचा पडवीचा भाग असं आलं. पुढच्या भागात तो. निम्मा मिळणं म्हणजे सुटणं नव्हे. (पुण्यात राहणाऱ्यांना हे लागू नाही, उगीच वकिलाला जाऊन सांगू नका.)

वकीलताई:

आले परत. दोनघरंची, तुम्ही लिहिलंत त्यानंतर मी काय लिहू असं झालं, तरी कायद्यापुरतं लिहिते.

ताबा आणि पालकत्व वेगळं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, हे कायद्यातच आहे. तुमचा मुलगा ४ चा, म्हणजे तो प्रश्न जवळपास सुटलेला. मुलगी ११ ची, तिला कोर्ट विचारू शकतं, पण तिने म्हटलं म्हणजे झालंच असं नाही. आईचा हक्क का बापाचा हक्क हा प्रश्नच कोर्ट विचारत नाही, मुलाचं भलं कशात तेवढंच बघतं. आणि भावंडं तोडायला सहसा तयार होत नाही. म्हणजे उत्तर तुम्हाला दिसतंय. दोघंही आईकडे राहतील आणि तुम्ही भेटीचा नीट, भरपूर, रात्रीच्या मुक्कामासकट आराखडा मागा. "भेट मिळेल" एवढंच मोघम लिहिलं की शनिवार_रविवार_बाबा होतात. वार, वेळ, कोण सोडणार, कोण आणणार, आजारी पडलं तर बदली दिवस कुठला, शाळेच्या मीटिंगला दोघं जाणार का, ॲपवर दोघांचे नंबर असणार का. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो, हेही डोक्यात ठेवा.

मुलांचा खर्च दोघांच्या पगाराच्या प्रमाणात ठरवा, आणि "मी फ्लॅट सोडते, तू मुलांचा खर्च मागू नको" किंवा उलट असलं काही कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी ठरवून कोर्टात द्यायच्या अटींमध्ये) घालू नका. मुलांची पोटगी मुलांची असते, आईबापाला ती सोडून द्यायचा अधिकार नाही. फ्लॅटची बैठक वेगळ्या दिवशी, मुलांची वेगळ्या दिवशी घ्या. मी माझ्या अशिलांना सक्तीने असंच करायला लावते. एकाच टेबलावर दोन्ही आलं की कुणीतरी तीन रविवारांच्या बदल्यात पार्किंग मागतो. अतिशयोक्ती नाही, मागितलंय.

सिंहगडरोडकर:

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गप्प होतो, राग नव्हता, आधी थोडा होता.

बँक स्टेटमेंट काढली, तिची पण, तिनेच मेल केली. किराणा, फी, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिच्याकडून. ते ऑपरेशन मी विसरलोच होतो. आता ठरतंय असं की व्हॅल्युएशन करायचं, लोन वजा करायचं, उरलेल्याचे निम्मे मी तिला द्यायचे दोन टप्प्यात, दुसरा टप्पा झाला की बक्षीसपत्र, आणि ते सगळं डिक्रीआधी. बँक म्हणतेय चालेल, मुदत चार वर्षं वाढवावी लागेल.

लॉकरला आईला घेऊन गेलो. आई पूर्ण रिक्षात एक शब्द बोलली नाही. सगळं वजन करून यादी केली, दोन प्रतींवर सह्या. आईने एक चपलाहार हातात धरून ठेवला होता थोडा वेळ, तो तिच्या सासूचा. बायकोने तो उचलून आईच्या पर्समध्ये टाकला, यादीत खाडाखोड केली आणि दोन्ही प्रतींवर बाजूला सही केली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मुलं दोघं तिच्याकडे. एकआड एक वीकेंड मुक्काम माझ्याकडे, बुधवारी शाळेतून मी आणणार ते रात्री जेवूनच सोडणार, मे आणि दिवाळी निम्मी. हे दोन बैठकीत झालं. अडलंय फक्त गणपतीवर. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, मुलगी आरतीला झांजा वाजवते, तिच्या माहेरी गौरी असतात आणि मुलाला दोन्हीकडे पाहिजे. एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे म्हटलं तर मुलगीच रुसली.

मुलुंडची_आई:

चपलाहाराचं वाचून डोळे भरले हो. गणपतीचं सोपं आहे, स्थापनेपासून गौरी येईपर्यंत तुमच्याकडे, गौरींना तिकडे. आम्ही असंच करतो, सातआठ वर्षं झाली.

पेठेतला_पक्या:

आणि विसर्जनाला दोघंही या. टिळक चौकात एवढी गर्दी असते, कोण कुणाबरोबर आलंय कुणाला कळतंय.

वकीलताई:

मुलुंडची_आई म्हणतात तसं करा, फक्त कन्सेंट टर्म्समध्ये इंग्रजी तारखा टाकू नका, गणपती दरवर्षी पुढेमागे होतो. तिथी लिहा. भाद्रपद शुद्ध चतुर्थी सकाळी ८ पासून ज्येष्ठा गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी १० पर्यंत वडिलांकडे, तिथून गौरी विसर्जन होईपर्यंत आईकडे. आणि कुठलं पंचांग तेही लिहा, मागे एकांच्या घरी दाते होतं आणि दुसऱ्यांकडे टिळक, दोन्ही बाजूंचे अर्ज आले होते.